राखेत न उमटलेला ट्रक

"मामा, ट्रक कुठाय?"

शंकासुर खिडकीच्या काचेला नाक लावून विचारत होता आणि घरात कुणी त्याला दाद देत नव्हतं. भिंगरीच्या या धाकट्या भावाला जगातल्या प्रत्येक गोष्टीची शंका यायची, म्हणून त्याचं हे नाव. भिंगरी एरवी एका जागी ठरत नसे, पण आज ती कोपऱ्यात रुसून बसली होती.

कारणही तसंच होतं. मामा हिमनदीच्या पायथ्याशी भूकंपाचं यंत्र सांभाळायचा. एका खोलीत यंत्र, दुसऱ्या खोलीत संसार. उद्या मोठे साहेब ते यंत्र उचलून नेणार होते, कारण इथे भूकंप होतच नाहीत असं त्यांचं ठाम मत होतं. यंत्र गेलं की मामाची बदली शहरात. मग कुठलं हे घर आणि कुठली दोघा भावंडांची मामाकडची सुट्टी?

त्या घराला एक अजब सवय लागली होती. यंत्राची सुई थरथरली की जो जवळ असेल तो "ट्रक!" म्हणून ओरडायचा आणि मामा त्या रेघेवर लाल फुली मारायचा, म्हणजे तो हादरा बाद. बाहेर डोकावायचं मात्र कुणी नाही. यंत्र बसवलं त्या वर्षी सुई हलली आणि नेमका एक ट्रक रस्त्यावरून गेला, तेव्हापासून हा शिरस्ता. शंकासुराला ट्रकांचं भारी वेड, म्हणून तो दर वेळी खिडकीकडे धावायचा आणि हात हलवत परत यायचा.

"एकदाही दिसला नाही?" भिंगरीने विचारलं.

"एकदाही नाही."

भिंगरीचा रुसवा कुठल्या कुठे पळाला. तिने मामाच्या मुलीला गाठलं. ही सगळ्यांना शिकवत सुटायची, म्हणून मास्तरीण. मास्तरणीने जरा विचार केला आणि तिचे डोळे चमकले. ट्रक तर थंडीतही जातात, ती म्हणाली, पण तेव्हा सुई ढिम्म हलत नाही. ती नाचते ती फक्त उन्हाळ्यात, बर्फ वितळायला लागल्यावर!

मामाला सांगितलं तर तो खोकी बांधता बांधता नुसता हसला. मग तिघांनी पुरावाच द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप अंगणात शिरली आणि तिघं शेगडीतल्या राखेची बादली घेऊन मागच्या दाराने सटकले. रस्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत राखेचा जाड पट्टा पसरून, नाकातोंडात राख गेलेली ही वरात धापा टाकत घरी परतली.

साहेब चहा घेत होते. भिंगरीचं सगळं लक्ष सुईकडे. सुई काही हलेना. चहा संपत आला. साहेब उठणार, इतक्यात सुई थरथरली.

"ट्रक," साहेब मान न वळवता म्हणाले.

"काका, आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत येता?" भिंगरीने त्यांचा हातच धरला.

राखेत एका चिमणीची पावलं उमटली होती. चाकाची खूण औषधालाही नव्हती. साहेब उकिडवे बसून बघतच राहिले, आणि मागोमाग आलेला मामाही. मग मास्तरणीने आपलं म्हणणं मांडलं. वितळलेलं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, आतला दाब वाढतो आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेले खडक जरासे सरकतात. तोच हा हादरा.

"बरोबर आहे पोरी," साहेब हळूच म्हणाले. "हे भूकंपच आहेत. तुझ्या बाबांनी फुल्या मारल्या आणि आम्ही कचेरीत बसून माना डोलावल्या."

मामाचे कान लाल झाले. पण साहेब रागावले नव्हते. यंत्र इथेच राहील, त्यांनी सांगितलं, आणि आणखी एक वर बर्फाच्या कडेला बसेल. हादरे लहान आहेत तोवरच त्यांच्यावर नजर ठेवायला हवी. ती ठेवायला इथे माणूस हवाच, आणि तो मामाच.

मामाने राखेने माखलेल्या तिघांना तसंच कवेत घेतलं. "तुमच्यामुळे राहिलो रे मी इथे," तो म्हणाला. भिंगरीला इतका आनंद झाला, की ती तिथल्या तिथे गरगर फिरायला लागली.