एकविसावा उमेदवार

कुलदीप आला होता गायीला औषध न्यायला, आणि करिष्माने त्याला शिवणकामाच्या वर्गात भरती करून टाकलं. प्रेमकथा याहून बऱ्या जागी सुरू होतात. पण तालुक्याच्या गावात जागांची टंचाई असते.

झालं असं, की ती इमारत मुळात जनावरांच्या दवाखान्याची. दवाखाना नव्या जागी गेला, इमारत युवा कौशल्य केंद्राला मिळाली आणि पाटी तेवढी बदलायची राहून गेली. दारापुढे बैल आवळून उभा करायचा लोखंडी खोडाही तसाच होता; शिवण शिकणाऱ्या बाया त्यावर डब्याच्या पिशव्या अडकवत. करिष्मा तिथली समुपदेशक. वय सत्तावीस, शिक्षण एम.एस.डब्ल्यू., करार अकरा महिन्यांचा. गावोगावच्या पोरांना शिक्षणाची आणि रोजगाराची वाट दाखवणं हे तिचं काम. दर अकरा महिन्यांनी ती स्वतः एका दिवसापुरती बेकार व्हायची, नियमच तसा होता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत बसून इतरांना धीर द्यायची.

त्या दिवशी शिलाईच्या वर्गाला एकोणतीस नावं झाली होती. तीस झाल्याशिवाय वर्ग मंजूर होत नाही, पोर्टल पाचला बंद होणार, आणि तिसावी मुलगी सकाळीच लग्न ठरलं म्हणून नाव काढून गेलेली. सव्वाचारला दारात एक उंच, सावळा तरुण उभा राहिला.

"डॉक्टर साहेब आहेत का?"

करिष्माने मान वर केली. बाहीला चिकटलेली गवताची काडी... शांत डोळे... आणि वय पस्तिशीच्या आत, म्हणजे योजनेत बसणारं. यातलं शेवटचं तिने आधी पाहिलं, हे कबूल केलेलं बरं.

"तुमचं आधार मोबाईलला लिंक आहे का?"

तो गोंधळला. "गाय आहे मॅडम. दोन दिस झाले, चारा खाऊन नाही राह्यली."

"ते कळलं. पण आधार?"

"माह्यं लिंक आहे. गायीचं नाही."

"शिक्षण?"

"बी.एस्सी. आमच्या उंद्रीचे डॉक्टर प्रशिक्षणाले गेले, म्हणून इथवर आलो."

"दवाखाना बसस्टँडमागे गेला आहे. आधी इथे अंगठा द्या, मग रस्ता सांगते."

"ही तर अडवणूक झाली, मॅडम."

"हो, झाली. पाचले पोर्टल बंद होते नं..."

घाईत तिच्या तोंडून कार्यालयीन मराठीऐवजी घरची भाषा निसटली. तो हसला. "असं आधीच सांगा नं," म्हणत त्याने अंगठा पुढे केला.

यंत्राने अंगठा घेतला नाही. शेतात राबलेल्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत. घासून घासून त्या पुसट होतात. करिष्माने ओढणीच्या टोकाने तो अंगठा पुसला, आपल्या दोन बोटांत धरला आणि काचेवर दाबून ठेवला. एकदा... दोनदा... पाचव्यांदा हिरवा दिवा लागला, तेव्हा पाचला दहा कमी होते. अंगठा सोडायला हवा हे दोघांनाही जरा उशिराच सुचलं.

दुसऱ्या दिवशी तो वर्गाला हजर.

"गाय?" तिने विचारलं.

"खाऊन राह्यली."

"मग तुम्ही कसे आलात? नाव तर लागलंच होतं. बरेच जण नुसतं नाव लावतात."

"मले वर्गाची सवय आहे मॅडम. शेळीपालनाचं प्रमाणपत्र आहे, मोबाईल दुरुस्तीचं आहे, अळिंबीचं आहे. शेळ्या तेवढ्या नाहीत."

एकोणतीस बायांत तो एकटा पुरुष. पण त्याचा हात सरळ चालायचा. कॉलर तर तो अशी बसवायचा, की बाजूच्या मशीनवरच्या सत्यभामाबाई आपली कॉलर गुपचूप त्याच्याकडे सरकवत. हजेरीची अडचण मात्र रोजची. बाकीच्यांचे अंगठे यंत्र दुसऱ्या-तिसऱ्या दाबात घ्यायचं, याचा काही केल्या घेत नसे. रोज सकाळी दहाला करिष्मा ओढणी सरसावायची.

"काहून वं मॅडम," सत्यभामाबाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मले तं 'तुमच्याच पदरानं पुसा' म्हणतं. याच्या अंगठ्याले काय सोनं लागलं?"

वर्ग हसला. करिष्माने मस्टरमध्ये तोंड घातलं.

दुसऱ्या महिन्यात तिला ओढणीच्या टोकावर पांढरं दिसलं.

"हे काय आहे, कुलदीप?"

"खडू. कापडावर खुणा करायचा."

"अंगठ्यावर काऊन आला?"

"मापं घेताना लागते..."

"वर्ग सुरू व्हायचाय अजून."

त्याने अंगठा मुठीत लपवला. मग हळूच म्हणाला, "खडू नाही लावला तं ते पहिल्याच दाबाले घेते, मॅडम."

यावर एका जबाबदार समुपदेशकाने खुलासा मागवायला हवा होता. करिष्माने तो अंगठा पुसला, दाबला, आणि दुसऱ्या दिवशीही तसाच पुसला. हजेरी ही शासकीय बाब आहे. तिथे ढिलाई चालत नाही.

तीन महिने संपले आणि खरं संकट आलं. केंद्रप्रमुख वामनराव हे निवृत्त विस्तार अधिकारी. कोणतीही बातमी ते निधनवार्तेच्या सुरात सांगत.

"तिसातले एकवीस कामाले लागले पाह्यजेत, पोरी. वीस झाले. महिनाअखेरपर्यंत एकविसावा नाही लागला तं केंद्र बंद. तू बंद. मी तं आधीच बंद आहे."

वीस जणींना बचत गटातून मशीन मिळाली होती. त्या घरी ब्लाऊज शिवत होत्या आणि कागदावर स्वयंरोजगारी होत्या. उरलेल्या नऊजणींत कुणाचं लग्न होतं, कुणाचं बाळंतपण, कुणाला घरून नको होतं. राहिला कुलदीप. बचत गट बायकांचा, त्यामुळे त्याला मशीन नाही. त्याच्यासाठी एकच गोष्ट आली होती — इचलकरंजीच्या एका कपड्याच्या कारखान्याचं नेमणूकपत्र.

ते पत्र तिने चार दिवस टेबलाच्या खणात ठेवलं.

घरी तिचा बायोडाटा आईने छापून ठेवला होता. नोकरी: शासकीय, कंत्राटी. पाहुण्यांना वाचून दाखवताना आई शेवटचा शब्द गिळायची. नोकरी होती तोवर करिष्माला 'इतक्यात नाही' म्हणता येत होतं. नोकरी गेली की उन्हाळ्यात लग्नाचा बार उडणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

पाचव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तिने पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने दोनदा वाचलं.

"मले नाही जायचं, मॅडम. दोन एकर वांगे आहेत. कोण तोडन?"

"काका आहेत. तुम्हीच अर्जात लिहिलं होतं."

"तुम्ही लयच ध्यानात ठेवता."

"कामच आहे ते."

"आन मी नाही गेलो तं?"

सांगायचं नाही असं तिने चार दिवस ठरवलं होतं. "तर वीसच होतात."

"वीस झाले तं?"

"केंद्र बंद. मी घरी. मग... उन्हाळ्यात कोणाच्या तरी घरी."

कुलदीपने पत्राची घडी घातली. उघडली. पुन्हा घातली.

"म्हणजे मी राह्यलो तं तुम्ही जाता. मी गेलो तं तुम्ही राह्यता."

"हो."

"योजना चांगली आहे," तो म्हणाला. "कोणी काढली?"

सोमवारी सकाळच्या पुणे गाडीला तो निघाला. ती स्टँडवर आली होती. नोकरी लागलेल्या उमेदवाराचा पत्रासह फोटो पोर्टलवर चढवावा लागतो.

"थोडं हसा," मोबाईल धरून ती म्हणाली.

"हसणं बंधनकारक आहे का?"

"नाही."

तिने तीन फोटो काढले. चढवला एक.

पुढचा नियम असा, की उमेदवार नोकरीवर टिकला का, हे वर्षभर दर महिन्याला फोन करून विचारायचं. पाच ठरीव प्रश्न. उमेदवाराने नोकरी सोडली, की फोन बंद. करिष्मा पहिल्या सोमवारी अकराला फोन लावायची. पलीकडे मशीनचा खडखडाट.

"आपण सदर ठिकाणी कार्यरत आहात का?"

"हाव."

"निवासाची सोय समाधानकारक आहे का?"

"एका खोलीत सहा जण. झोप येते, कारण थकतो."

"जेवणाची?"

"भाकर भेटते. आपल्या इकडची नाही."

"काही तक्रार?"

"आहे. फोन महिन्यातून एकदाच येते."

तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग, "ते रकान्यात मावत नाही. मी 'निरंक' लिहिते."

"लिहा."

"नोकरी सोडण्याचा विचार आहे का?"

"नाही, मॅडम."

एकवीस भरले, तिचा करार वाढला. पाच महिने तो वाढलेलाच राहिला. मग फेब्रुवारीत वरून पत्र आलं, की ही योजना आता दुसऱ्या योजनेत विलीन झाली आहे आणि त्या योजनेत अशी केंद्रं नाहीत. वामनरावांनी ते निधनवार्तेच्या सुरात वाचलं. या वेळी सूर जुळला. इमारत जनावरांकडे परत गेली. पाटी बदलावी लागली नाही.

करिष्मा घरी बसली. आईने बायोडाट्यातली ओळ पेनाने खोडली. मार्चचा पहिला सोमवार आला, तिने गच्चीवर जाऊन फोन लावला, प्रश्न तोंडपाठ होतेच. एप्रिलमध्येही लावला. कार्यरत आहात का... हाव. निवास... जेवण... तक्रार निरंक.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी गच्ची तव्यासारखी तापली होती. चार प्रश्न झाले.

"नोकरी सोडण्याचा—"

"मॅडम," तो मध्येच म्हणाला, "केंद्र बंद होऊन तीन महिने झाले नं?"

पायाला चटका बसत होता. तिने पाय बदलला.

"तुमाले कोणी सांगितलं?"

"वामनराव सायबाचा फोन आलता मार्चात. म्हणे, बाबू, आता तुले कोणी विचारणार नाही, मोकळा झाला तू."

"मग उत्तरं काऊन देत राह्यले?"

"तुम्ही विचारत राह्यल्या."

खालून आईने हाक मारली. करिष्माने ओ दिली नाही.

"इथं मन लागत नाही, मॅडम," तो म्हणाला. "पहिल्या हप्त्यातच सोडणार होतो. पण सोडलं की फोन बंद, हे तुम्हीच वाचून दाखवलं होतं. म्हणून टिकलो."

आठ महिने, एका खोलीत सहाजणांत, पाच प्रश्नांसाठी. आणि ती इकडे उन्हात उभी राहून सरकारच्या नावाने विचारत होती. दोघांनी मिळून एवढी निष्ठा दाखवलेली योजना दुसरी नसेल.

"रविवारी पाहुणे येऊन राह्यले," ती म्हणाली. आवाजात आता कार्यालय अजिबात नव्हतं. "हिवरा आश्रमाकडचे. पोराची शेती आहे, दुकान आहे. बाबाले पसंत आहे."

"तुमाले?"

"मले कोणी विचारलं नाही अजून."

जवळचा खडखडाट एकदम थांबला. त्याने मशीन बंद केली असावी.

"मॅडम, पाचवा प्रश्न अर्धा राह्यला. वाचा."

"नोकरी सोडण्याचा... विचार आहे का?"

"हाव. लिहा."

"कधीपासून?"

"तुम्ही रविवार म्हटलं तेव्हापासून. शनिवारी उंद्रीले पोचतो. रविवारी तुमच्या घरी."

"येऊन सांगान काय बाबाले?"

"खरं ते. नोकरी नाही, दोन एकर वांगे आहेत, शिलाई येते."

"ते नाही म्हणतीन."

"म्हणतीनच. पहिल्या दिवशी कोण हो म्हणते? सोमवारी परत येईन."

करिष्माने डोळे पुसले. घामच असावा, ऊन फार होतं.

"मग नऊलेच या," ती म्हणाली. "पाहुणे अकराले येतात, आन बाबाले रागवायले दीड-दोन तास लागतात."