सोडलं गं

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. मीही हसलो असतो. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत, माझ्या डोळ्यांदेखत घडलं. गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, आमच्या वीज नियंत्रण कक्षात.

मी तिथे हजेरी बघतो. कोण आलेलं नाही, हे ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

ताईचं काम अवघड. जितकी वीज खर्च होते, तितकी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. भिंतीवरचा फ्रिक्वेन्सीचा आकडा पन्नासाला टेकलेला असला, की सगळं ठीक. पण आमची निम्मी वीज वाऱ्याची. आणि वारा म्हणजे रुसका जावई. कधी उठून जाईल, नेम नाही. तो पडला, की आकडा घसरतो, घरोघरचे पंखे मंदावतात. फार घसरला, तर अख्खं शहर अंधारात.

मग ताई धरणावरच्या वीजघराला फोन लावायची, "पाणी सोडा."

धरणावर भाऊजी होते. तिचा नवरा.

नियम असा, की ऐकणाऱ्याने हुकूम शब्दशः परत म्हणायचा. भाऊजी कसले म्हणतात! ताईचं वाक्य पुरं व्हायच्या आत, "सोडलं गं!"

"अहो, नियमाने बोला. रेकॉर्ड होतंय!"

सगळा कक्ष हसायचा. दोघांच्या ड्युट्या उलटसुलट. निम्मा संसार त्या फोनवरच झाला.

त्याआधीच्या हिवाळ्यात भाऊजी गेले. झोपेतच.

हजेरीतून त्यांचं नाव मीच काढलं.

त्या दुपारी मी ताईला रजा घे म्हणून सांगायला गेलो होतो. ती घेतच नव्हती.

आणि वारा पडला. एकदम.

आकडा घसरू लागला...

ताईने फोन उचलला. "पाणी..."

थांबली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "नियमाने बोला ना."



आकडा... वर चढू लागला.

तेवढ्यात शिफ्टच्या साहेबांचा मोबाइल वाजला. धरणावरचा नवा माणूस, धापा टाकत.

"साहेब, ती फोनची लाइन सकाळपासून मेलीय. मी दुरुस्तीवाल्याला घ्यायला फाटकावर आलोय. आत कुणीच नाही. मग पाणी कुणी सोडलं?"

रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं. ताईचा आवाज. मग रिकामी जागा...

बरोब्बर दोन शब्दांएवढी.

लाइन केव्हाच दुरुस्त झाली. पण आता वारा पडला, की ताई फोन कानाला लावते आणि बोलतच नाही. नवा माणूस पलीकडे हॅलो हॅलो करत बसतो.

परवा मी ओरडलोच, "ताई, हुकूम दे!"

"थांब रे," ती म्हणाली. "त्यांना आधी बोलायची सवय आहे."



आज दुपारी घरात पंख्याचा सूर उतरला.

"वारा पडला वाटतं," बायको म्हणाली.

ताई ड्युटीवर होती.

आणि पंखा... सावरत नव्हता.