सेक्टर सहामधली रशियन मशीन

भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात रेडिओच्या एका दुकानापुढून जाताना सत्यशीला थबकली. आत हार्मोनियमची टेप वाजत होती, आणि ती टेप... काहीतरी चुकत होतं.

"पट्टी उतरून राहिली," ती स्वतःशीच म्हणाली. पण जरा मोठ्यानं.

टेबलाखालून एक डोकं वर आलं. केसांत धूळ, दातांत वायरचा तुकडा.

"कोन बोललं?"

"मी. काळी चारची पट्टी हाय, अन् वाजून राहिली तिच्या खाली. मशीन हळू चालते तुमची, भाऊ."

त्यानं वायर थुंकली, मशीनचं झाकण काढलं आणि आतला रबरी पट्टा बोटानं ओढून पाहिला. पट्टा ढिला होता.

"सकाळपासून मोटर खोलून बसलो मी! अन् तुम्ही रस्त्यावरून सांगतलं." मग जरा थांबून, "पन भाऊ नका म्हनू."

"मग काय म्हनू?"

"तेजराम."

"बरं... तेजरामभाऊ," म्हणून ती हसत निघाली. कोपऱ्यावर वळताना तिनं हळूच मागे पाहिलं. तो अजून तिथंच उभा होता, हातात तो ढिला पट्टा घेऊन.

महिन्याभरानं तोच तेजराम तिच्या घरच्या खाटेवर बसून चहा पीत होता, आणि तिला पाहून त्याच्या बशीतला चहा सांडला. सत्यशीलाचे बाबा, देवाजी, पोलाद प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्टीवर, कामाला होते, आणि त्यांची भीमगीतांची गायन पार्टी दुर्गपासून चरोद्यापर्यंत नावाजलेली होती. १९८७ची थंडी होती ती. नागपूरच्या एका कॅसेट कंपनीनं पार्टीची आठ गाणी मागितली होती, चौदा एप्रिलला बाजारात आणायला. तेजराम रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडे वायरिंगचं काम करायचा, सुट्टीच्या दिवशी सुपेल्याच्या दुकानात बसायचा. त्या चहानंतर एका साहेबाची विलायती कॅसेट मशीन महिनाभर मागून आणून त्यानं फितीच्या चार पट्ट्यांवर चार आवाज वेगवेगळे भरले. सत्यशीलाचं गाणं, हार्मोनियम, ढोलक, कोरस. आता ते चारही तोलून-मापून एका मोठ्या रीलवर उतरवायचे होते. कंपनीला रीलच पाहिजे होती, फेब्रुवारी संपायच्या आत. आणि रील चोख निघाली, तर तेजरामला त्यांच्याच स्टुडिओत पगारी नोकरी.

रीलची मशीन मात्र भिलाईत नवी मिळणार नव्हती. जुनीच शोधायची.

"हात तेजरामचे, कान सत्यशीलाचे," देवाजींनी फर्मान काढलं. "पोरगी हो म्हनन तीच मशीन घ्यायची. अन् गयाबाई संगं जाईन."

गयाबाई म्हणजे सत्यशीलाची आत्या, पार्टीच्या कोरसमधला सगळ्यांत भारी गळा. दर रविवारी ती दोघांच्या मधोमध चालायची.

पहिल्या रविवारी ते चरोद्याला गेले, लोकल गाडीनं. रेल्वे कॉलनीतली ती मशीन सुरू करताच माशी अडकल्यासारखी घोंघावली. दुसऱ्या रविवारी दुर्ग. कचेरीमागच्या मंडपवाल्याची मशीन दिसायला राजस, पण तेजरामनं नख फिरवून पाहिलं, तर ज्या हेडवरून फीत घासत जाते त्याच्यावर नालीच पडली होती.

"हजार लग्नं वाजवली हिनं," तो म्हणाला.

"अन् तुह्यं एक बी नाही!" गयाबाई समोशाच्या पुड्यातून बोलली. "कावून रे तेजराम, पाहून नाही राहिले का घरचे?"

"पाहून राहिले ना, आत्या. पन ठेकेदारीवाल्याले कोन पोरगी देते?"

"नागपूरची नोकरी लागली म्हंजे?"

"म्हंजे... विचारीन मी बी कोनाले तरी." तो मशीनचे स्क्रू आवळत होता. आवळलेलेच स्क्रू.

सत्यशीला खिडकीतून कचेरीकडे पाहत राहिली. कान मात्र गरम झाले.

प्रत्येक मशीनची परीक्षा एकच. सत्यशीलानं एक सूर लावायचा, दम पुरेल तोवर सरळ धरायचा. तो रीलवर भरायचा, मग वाजवून ऐकायचा. मशीनच्या चालीत जराही लचक असली, तर सूर पाण्यातल्या काठीसारखा वाकडा होतो. ती सूर धरायची तेव्हा तेजराम मशीनकडे नाही, तिच्याकडे पाहायचा... आणि तिला ते डोळे मिटूनही कळायचं.

तिसऱ्या रविवारी प्लांटच्या कॉलनीतलं सेक्टर सहा. कृष्णराव नावाचे रिटायर क्लार्क, मूळचे वर्ध्याचे. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनियरनं जाताना त्यांना मशीन देऊन टाकली होती. बटणांवर रशियन अक्षरं, आणि कृष्णरावांनी प्रत्येकाखाली कागद चिकटवलेले: चालू. थांब. मागे जा.

"भजनं ऐकायची मुलांची आई," भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहून ते म्हणाले. "आता कोण ऐकतं?"

सत्यशीलानं सूर लावला. गयाबाई खुर्चीत पेंगली होती. तेजरामनं 'मागे जा' दाबलं, मग 'चालू'.

तिचाच सूर खोलीत आला. ताणून धरलेल्या दोऱ्यासारखा. सरळ, स्वच्छ, शेवटच्या श्वासापर्यंत.

हीच ती मशीन. तिच्या कानांना पहिल्या क्षणाला कळलं. आणि त्याच क्षणाला दुसरंही कळलं... ही मशीन घेतली की रविवार संपले. रील नागपूरला जाईल, तिच्यामागे तोही जाईल. 'कोनाले तरी' म्हणजे कोणाला, हे अजून त्यानं सांगितलं नव्हतं. एक रविवार अजून मिळाला, तर सांगेल का?

"काय म्हनतं?" तेजरामनं विचारलं.

"थरथरते," ती म्हणाली.

"कुठं?"

"शेवटी... जराशी."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग खाली मान घालून त्यानं रील काढली. "बरं. जसं तू म्हनशीन."

"थरथरते?" कृष्णराव दुखावले. "अगं बाई, माझा हात थरथरतो, मशीन नाही! पुढच्या रविवारी पुन्हा ऐका. घेणारं कोण बसलंय इथं?"

परतताना तिघं बोरं खात चालत आले. गयाबाई चपलेचा अंगठा सांभाळत मागे राहिली होती.

"आंबट हाय," तेजराम म्हणाला.

"मग खाता कावून?"

"तू निवडून देल्ली ना."

एवढंच. पण आठवडाभर तिला तेवढं पुरलं. भाकरी थापताना, पाणी भरताना ती उगीच गुणगुणत राहिली. पुढच्या रविवारी हो म्हणायचं, तिनं ठरवलं होतं. मशीनला, आणि... त्यानं विचारलंच तर, त्यालाही.

पुढच्या रविवारी कृष्णरावांच्या टेबलावर मशीनच्या चार पायांचे चार ठसे तेवढे होते.

"परवा रायपूरचा ऑर्केस्ट्रावाला आला," ते अपराध्यासारखे म्हणाले. "दोन मिनिटं ऐकली न् उचलली. तुम्हाला तर पसंत नव्हती ना?"

महिना संपायला नऊ दिवस उरले होते. दुर्गची मशीन आणावी लागली, ती नाली पडलेली. तीन दिवस वस्तीतल्या बुद्धविहाराच्या खिडक्यांना गाद्या लावून तेजराम त्या मशीनशी झुंजला. मशीनचा काटा पाहत-पाहत आवाज वरखाली केले, हेड घासलं, पुसलं, पुन्हा घासलं. रील गेली. मार्चमध्ये परतही आली, चार ओळींच्या चिठ्ठीसकट. आवाज हेलकावतो. वरचे सूर बुजले. यंदा शक्य नाही.

स्टुडिओत दुसरा माणूस लागला. एप्रिलची जयंती कॅसेटविना गेली. देवाजी त्या रात्रीही गायले, पण एरवीसारखं मुलीला गायला एकदाही पुढे ओढलं नाही. मे महिन्यात बिलासपूरच्या रेल्वेतल्या क्लार्कचं स्थळ आलं.

"तेजराम पोरगा सोन्याचा हाय," देवाजी गयाबाईला सांगत होते, आणि आत सत्यशीला ऐकत होती. "पन आज काम, उद्या सुट्टी. नागपूरचं जमलं असतं तं मीच गेलो असतो त्याच्या घरी. आता मी शब्द देऊन आलो, बाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुपेल्याला गेली. एकटीच. दुकानात तेजराम एक पंखा उघडून बसला होता. तिला पाहून उठला, स्टूल पुसलं. ती बसली नाही.

"मले एक सांगायचं हाय. कृष्णरावकाकाची मशीन... थरथरत नव्हती. मी खोटं बोलली."

पंख्याचं पातं त्यानं हळूच खाली ठेवलं.

"मले मालूम होतं."

"काय?"

"बहिऱ्याले बी ऐकू आलं असतं, सत्यशीला. एवढा सरळ सूर."

"मग घेतली कावून नाही? म्हनायचं ना, खोटी हायेस म्हनून!"

"तू 'थरथरते' म्हनली, अन् मले वाटलं..." त्यानं पात्यावरची धूळ पुसली. "हिले अजून एक रविवार पाहिजे. मले बी पाहिजे होता. म्हटलं, त्या रविवारी विचारून घेईन. मशीन का पळून जाते?"

बाहेरून प्लांटची बस गेली.

"मंग आता विचारतो," तो म्हणाला. "नोकरी नाही, मशीन नाही. येशीन का माह्यासंग? खरं सांगजो या बारीले."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"यावंसं लय वाटते," ती म्हणाली. "पन येनार नाही. बाबानं शब्द देल्ला. एकदा तुमची नोकरी घालवली मी... आता त्यायची मान खाली नाही घालू शकत."

"नोकरी तू एकटीनं नाही घालवली."

"मालूम हाय. म्हनून तं जास्त दुखते."

तो तिला बस थांब्यापर्यंत सोडायला आला. लोक पाहतील म्हणून रस्त्याच्या त्या बाजूनं. ती या बाजूनं. पावलं मात्र एकाच लयीत पडत होती. बस आली तेव्हा तो रस्ता ओलांडून खिडकीशी आला.

"गात जाजो तिकडं," तो म्हणाला. "बंद नको करू."

"गाईन," ती म्हणाली.

बस सुटली. आणि ते दुसरं खोटं. बिलासपूरच्या त्या दोन खोल्यांत तिनं पुन्हा कधी सूर लावला नाही.