लाडाचा शब्द

"हल मां रे मेल्या, कित्याक अडून बसलंस?"

शेजारच्या मशीनवरची ही कुरकुर कानावर आली आणि कुंडलिकनं मुकाट्यानं आपलं स्टूल वीतभर सरकवलं. सत्त्याऐंशी सालचा घाटकोपरचा टायपिंग क्लास तो. सरकायला जागा ती केवढी!

रत्नप्रभाला हसू आवरेना. "अहो, तुम्हाला नाही... ह्या अडकलेल्या बटणाला म्हटलं."

"मशीनला मेल्या म्हणता?"

"माझं लाडकं मशीन आहे ते."

"मग दोडक्यांना काय म्हणता?"

"त्यांना 'अहो' म्हणते," ती म्हणाली, आणि तोही हसला.

तिथून सुरू झालं. क्लास सुटला की जिन्याखाली दोघांत एक कटिंग – शेवटचा घोट कुणी घ्यायचा यावरून रोज भांडण. रत्नप्रभाचं घर मालवणकडचं. वडील शिव्या घालतील तेवढी माया. गोड बोलले की समजावं, पाहुणा परका आहे. म्हणून एका संध्याकाळी धीर करून ती म्हणाली, "किती उशीर रे मेल्या..." तिच्या हिशेबी तिनं त्याचा हातच धरला होता.

कुंडलिकनं चहा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळच्या बॅचला गेला.

"जाऊ दे गं," मैत्रीण कुंदा म्हणाली. "त्यांच्यात नि आपल्यात..." पुढचं तिनं गिळलं. क्लासात सगळेच गिळत.

पाचव्या दिवशी रत्नप्रभा सकाळी सातला क्लासच्या दारात उभी. "काय चुकलं माझं?"

"तुमचं नाही." तो खाली बघत राहिला. "गावात आजोबांना कुणी नावानं हाक मारलीच नाही. असल्याच शब्दांनी बोलवायचे. म्हणून आई मला लहानपणापासून कुंडलिकराव म्हणते. तुम्ही मायेनं म्हणालात, कळतं मला... पण कानाला नाही कळत."

रत्नप्रभा हळूच म्हणाली, "आणि मला वाटायचं, तुम्ही एवढं अहो-जाहो करता, म्हणजे मी लांबच बरी."

"आमच्या घरी ज्याला जपायचं त्यालाच मान देतात."

"मग – किती जपायचं ठरवलंय?"

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "माझ्या ठरवण्यानं काय होतंय? तुमच्या घरी..." आणि तोही तिथंच अडला.

"घरी नको म्हणतील," रत्नप्रभा म्हणाली. "तुम्ही बौद्ध आहात म्हणूनच म्हणतील. आणि मी लग्न तुमच्याशीच करणार आहे."