पाचवं चाक

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या कारखान्याच्या फाटकासमोर, खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून गाडीखाली डोकावत होता. गाडीच्या मागे एक छोटा गाडा जोडलेला होता. त्याला एकच चाक, वर लोखंडी पेटी, आणि पेटीतून पाणी गळत होतं.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"काचेची नळी," तो वर न बघता म्हणाला. "आत्तापर्यंत होती."

मग त्याने वर पाहिलं. पापण्यांवर धूळ बसलेली, तरी डोळे हसत होते… माझ्या हातातला पेंढा कधी खाली पडला, मला कळलंच नाही.

नळी फुटायला त्याने जागा मात्र अचूक निवडली होती. आमचा कारखाना काचेचाच. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी बाबा चंचुपात्रं, चंबू, परीक्षानळ्या फुंकून करतात आणि त्या पेंढा घालून खोक्यांत भरायचं काम माझं. बाबांनी नवी नळी करायला घेतली. तोवर पाहुण्याला चहा देणं मला भागच होतं.

"गाडीला चार चाकं असताना हे पाचवं कशाला?"

"चार चाकं मला नेतात. पाचवं रस्त्याला विचारतं, बाबा रे, कुठे दुखतंय?"

"आमच्या रस्त्याला? त्याला न दुखणारी जागा शोधा. लवकर सुटाल."

देशातली मोठी शहरं आणि बंदरं चौपदरी रस्त्यांनी जोडायचं काम सरकारने हाती घेतलं होतं. त्यातला एक रस्ता आमच्या गावाच्या कडेने जात होता आणि तो आता पुरा होत आला होता. आधी जुन्या रस्त्याचे हादरे मोजायचे, मग नव्याचे, ही याची नोकरी. पेटीतल्या नळीतलं पाणी किती उसळतं, त्यावरून हादरा कळायचा. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला? मला विचारा. तिसऱ्या वळणावरचा खड्डा चंबूंच्या माना मोडतो. ओढ्याअलीकडचा उंचवटा परीक्षानळ्यांची बुडं काढतो. बंदरातून परत आलेल्या फुटक्या काचा बघून बघून मला हे पाठ झालं होतं.

तो वहीत लिहिता लिहिता थांबला. "तुम्ही रस्ता न बघताच वाचता," तो हळूच म्हणाला. "माझ्या यंत्राला हे जमत नाही."

माझ्या हातांचं कौतुक लोक करायचे. डोक्याचं कुणी पहिल्यांदाच केलं होतं. त्या दुपारी मी सहा खोक्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

पुढच्या तीन महिन्यांत ती नळी आणखी चार वेळा फुटली. कधी हातातून निसटली, कधी धक्का लागला. "मोजणीसाहेब," बाबा भट्टीकडे तोंड करून म्हणायचे, "तुमच्या नळीचं आयुष्य फारच कमी दिसतंय." तो कानांपर्यंत लाल व्हायचा आणि मी उगाचच पेंढा झटकत बसायचे.

"नव्या रस्त्याने बंदर किती लांब?" एकदा मी विचारलं.

"सहा तास."

"सहाच? थापा मारू नका." आमचा माल नेणारे ड्रायव्हरकाका सोमवारी निघाले की बुधवारी पोचायचे.

पण थाप नव्हती. रस्ता सुरू होतोय म्हटल्यावर बंदरातल्या व्यापाऱ्याने आपलं अर्धं गोदाम सोडूनही दिलं. आता माल साठवत कोण बसणार, तो फोनवर म्हणाला, मी सकाळी सांगीन, तुम्ही संध्याकाळी पोचवा. आमचा बारा आणे माल तोच घ्यायचा. नव्या रस्त्याने पहिली चाळीस खोकी गेली त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत ट्रकला हात केला.

संध्याकाळी फोन आला. निम्मे चंबू फुटले होते.

जुन्या रस्त्याने खोक्यामागे दोन किंवा तीन फुटायचे. पुढची खेप अशीच आली तर मी दुसरा कारखाना बघेन, व्यापारी म्हणाला. बाबा नुसते भट्टीकडे बघत राहिले. आजोबांनी पेटवलेली ती भट्टी माझ्या खोक्यांपायी विझणार, या विचाराने मी रात्री उरलेली खोकी पुन्हा उघडून तपासली.

दुसऱ्या सकाळी तो आला आणि माझ्या तावडीत सापडला.

"तुमचं पाचवं चाक खोटं बोलतं. म्हणे, नव्या रस्त्याला कुठेच दुखत नाही!"

त्याचा चेहरा उतरला. "चाक खोटं बोलत नाही… पण माझ्याकडून काहीतरी सुटतंय. उद्या एका खोक्याबरोबर जाऊन बघूया? आपण दोघं?"

काका ट्रकमध्ये न्यायला तयार झाले. बाबांनी आम्हा दोघांकडे एकदा नीट पाहिलं. "जा," ते म्हणाले. "खोकं मध्ये ठेवा."

रागावून बसायचं मी घरूनच ठरवून निघाले होते. पण ट्रक नव्या रस्त्याला लागला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. समोर आभाळापर्यंत सरळ रस्ता होता. पुढे ट्रक, मागे ट्रक, पलीकडून येणारे ट्रक, कुणाच्या पाठीवर बर्फातले मासे, कुणाच्या पाठीवर यंत्रांचे भाग, पुस्तकांचे गठ्ठे, आणि सगळे एका लयीत चाललेले. मग दरी आली. जुना रस्ता सतरा वळणं घेत तळाशी उतरायचा आणि सतरा वळणं घेत वर चढायचा. आता तिच्यावर पूल होता. एवढ्या उंचीवर, एवढ्या बारीक खांबांवर… मी श्वास रोखून बसले. खाली नदी दोरीएवढी दिसत होती आणि समोरच्या काचेवर भुरभुर पावसाचे थेंब सरकत होते.

"या दरीत अर्धं आयुष्य पहिल्या गिअरमध्ये काढलंय मी," काका म्हणाले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माणसांनीच केलंय ना हे?" मी विचारलं. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवावेसेही वाटले नाहीत.

"माणसांनीच. हजारो होते. मी फक्त मोजलं." त्याने मधल्या खोक्याचं झाकण उघडलं. मग म्हणाला, "खोक्यात बघ."

मी आधी त्याच्याकडेच पाहिलं. 'बघा' नाही, 'बघ' म्हणाला होता. मग खोक्यात पाहिलं. पेंढा चार बोटं खाली बसला होता आणि चंबू एकमेकांना टेकून बारीक किणकिणत होते.

चूक माझी होती. भरताना दोन बोटं जागा मोकळी ठेवायची, काचेला उसळी घेता आली पाहिजे, ही आजोबांची शिकवण. जुन्या रस्त्यावर प्रत्येक खड्डा पेंढा पुन्हा फुगवायचा. इथे खड्डाच नव्हता. होती ती चाकांची एकसारखी बारीक थरथर, आणि तिने पेंढा दाबत दाबत पार तळाला नेला होता.

"मी खड्ड्यांसाठी भरत होते," मी म्हणाले. "खड्डेच नाहीत."

"आणि मी खड्डेच मोजत होतो. ही थरथर माझ्या चाकाला कळतच नाही."

एका चंबूची किणकिण थांबवायला आम्ही दोघांनी एकदमच हात घातला. माझी बोटं त्याच्या बोटांखाली आली. कुणीच हात काढला नाही… बंदर येईपर्यंत. काकांनी आतला आरसा हळूच वर वळवला.

बंदरात उतरल्यावर त्याने सांगितलं की त्याचं काम आता किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे सरकणार, पुढच्या आठवड्यापासून मुक्काम इथेच. मी "बरं" म्हणाले. परतीच्या वाटेवर सहा तास मी स्वतःला त्याबद्दल बोल लावत होते.

घरी आल्यावर पेंढा बंद केला. प्रत्येक चंबू कागदात गुंडाळून, कागदाचे बोळे ठासून, जराही हलू नये असा भरला. खेप गेली. संध्याकाळी फोन बाबांनीच घेतला.

"किती?" त्यांनी विचारलं, आणि ऐकून स्टुलावर बसले. "एकही नाही," ते मला म्हणाले. भट्टी वाचली होती. मला खूप आनंद झाला, पण नजर पुन्हा पुन्हा फाटकाकडे जात होती.

दोन दिवसांनी रिकामी खोकी परत आली. एक रिकामं नव्हतं. तळाशी त्याच्या यंत्राची नळी होती, एकाच कागदात गुंडाळलेली. कागदावर त्याचं अक्षर होतं.

"पेंढा नाही, कापूस नाही, फक्त हा कागद. नळी धड पोचली असेल तरच पुढचं वाच. मला तू आवडतेस. पुलावरच सांगणार होतो, पण शेजारी काका होते. येशील?"

बाबांनी नळी उजेडात धरून फिरवली. "धड आहे," ते म्हणाले. "म्हणजे तिकडे त्याचं यंत्र बंद पडलेलं असणार."

"असेल."

"मग? सरकारी काम असं अडवून ठेवायचं का?"

बाहेर काकांचा ट्रक भरून उभा होता. मी नळी दोन्ही हातांत जपून धरली आणि वर चढले.

"काका, किती वेळ लागेल?"

"विसरलीस? सहा तास."

"अजून सहा तास?" मी म्हणाले.