पाठमोरा वीरगळ

बसा, दिवा असाच राहू द्या. सांगतो ते भुताचं की देवाचं, तुम्हीच ठरवा. उभी हयात फौजेत काढूनही मला ते ठरवता आलेलं नाही.

कुंडलच्या अलीकडे आमचं गाव. वेशीत जुना वीरगळ आहे. खाली लढणारा वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर महादेवाची पिंड आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची आठवण राहील, असा त्याचा अर्थ. वीराचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. आमच्याकडचा जवान सुट्टी संपवून निघाला की घरचं खोबरेल वीराच्या माथ्यावर ओततो आणि मागे न बघता चालू लागतो. माझा मुलगा शंभूराजही तसाच लडाखला गेला.

गेल्या वैशाखात रस्ता रुंद करायचं निघालं. क्रेन लावून आम्ही वीरगळ मागे घेतला आणि कोरीवकाम साऱ्यांना दिसावं म्हणून त्याचं तोंड गावाकडे केलं. म्हातारी तानुबाई तेवढी कुरकुरली.

"आवं सुभेदार, त्यो भाईर बघत हुता. आता गेलेल्या पोरांवर नजर कुणाची?"

"त्येला सायेब लोक हायती, मावशी," म्हणत मी हसलो.

दुसऱ्याच दिवशी पलटणीतून फोन आला. बर्फाचा कडा कोसळला होता, शंभूराज सापडत नव्हता. बायकोने देव पाण्यात घातले. मी खोबरेलाची वाटी घेऊन तडक वेस गाठली.

दिवस मावळत होता. उसाचं पान हलत नव्हतं. मी वीरगळाला खांदा लावला. क्रेनला जड गेलेला दगड माझ्याच्यानं काय हलणार? तरी रडत रेटत राहिलो.

"फिर रं बाबा... माजं पोर तिकडं हाय..."

जात्यासारखी घरघर ऐकू आली आणि दगड फिरला. मी खांदा काढला, तरी फिरतच राहिला, पार तोंड बाहेर होईपर्यंत. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण हात आपोआप जोडले गेले. मी तेल ओतलं.

शंभूराज जिवंत सापडला. दवाखान्यातून फोनवर हळूच म्हणाला, "आबा, बर्फात गार लागलं न्हाई... कुणीतरी माजी थंडी काढून नेत हुतं..."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीत गेलो. वैशाखात खोबरेल पाण्यासारखं पातळ असतं. वीराच्या माथ्यावरचं मात्र पांढरं, थिजलेलं होतं.

शंभूराजची बदली आता राजस्थानात, वाळवंटात झाली आहे. बर्फावर आमच्या गावचं दुसरं कुणी नाही.

आज सकाळी, या ऐन उन्हाळ्यात, मी ओतलेलं तेल पुन्हा थिजलं.