काजळी लावलेलं पदक

"चारला भंगारवाला येतोय, आणि तू बिस्किटं कसली खातोस?" सुचेतानं धाकट्या ध्रुवला हाताला धरून उठवलं. सकाळपासून तिला एका जागी चैन नव्हतं.

कारणही तसंच होतं. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत बाबांचं वर्कशॉप होतं. तिथले म्हातारे राखणदार शिवाप्पा अज्जा यांचं लढाईतलं पदक गायब झालं होतं, आणि ते चुकून भंगारात गेलं असेल अशी तिला धास्ती होती. अज्जा काडुकुरुब जमातीचे, जंगलातच वाढलेले. ब्रह्मदेशाच्या लढाईत ते पलटणीच्या पुढे जाऊन माग काढायचे, झाडावर तासन्‌तास दबा धरून एका गोळीत नेम साधायचे. महायुद्ध संपून पन्नास वर्षं झाली म्हणून आज संध्याकाळी माजी सैनिकांचा सत्कार होता. पण संघटनेचे चिटणीस नरसिंहराव यांनी बजावलं होतं, लढाईच्या गोष्टी कुणीही सांगेल, पदक दाखवल्याशिवाय मंचावर जागा नाही. अज्जांना हारतुरे नकोच होते. त्यांच्या वस्तीतले मादा आणि बोम्मा त्या लढाईतून परतलेच नाहीत, शहिदांच्या कुठल्या यादीतही आले नाहीत. त्यांची नावं एकदा तरी चारचौघांत घ्यायची, एवढाच अज्जांचा ध्यास होता.

मुलांनी कामगार गुंडू अण्णाला गाठलं. आयुधपूजेसाठी कालच त्यानं अज्जांची खोली झाडली होती. आधी त्यानं कानांवर हात ठेवले. मग डोकं खाजवत कबूल केलं, खिळ्याला एक काळी चकती लटकत होती, तेवढी भंगारात टाकली.

"पदक काळं कसं असेल?" ध्रुवनं विचारलं.

अज्जा ओशाळले. "मीच काजळी लावतो, पुट्टी," ते सुचेताला म्हणाले. "माग काढणाऱ्यानं अंगावर चमकणारं काही ठेवायचं नसतं. सवय जात नाही."

सुचेतानं भंगाराचं पिंप उघडलं. आत पत्रा कापायच्या प्रेसवर कापलेल्या हजारो लोखंडी चकत्या, सगळ्या तेलानं काळ्याकुट्ट! साडेतीन वाजले होते. बाबा म्हणाले, आता नाद सोडा. नाद सोडेल ती सुचेता कसली! तिनं अज्जांना विचारलं, पदक कशाचं? चांदीचं, ते म्हणाले. झालं, लोखंडाचा कीस उचलायचा मोठा चुंबक तिनं फरफटत आणला. ध्रुव घमेलं ओतायचा, ती चुंबक फिरवायची. लोखंड सगळं चिकटून निघायचं. हात भरून आले, फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला, तरी दोघं थांबेनात. सतराव्या घमेल्यात एक चकती जागची हललीच नाही. ध्रुवनं सदऱ्यानं कड पुसली, तर तिथं अज्जांचं नाव कोरलेलं.

संध्याकाळी पदक पाहून नरसिंहरावांचा चेहरा उतरला. बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मी हात टेकले होते. शोधलं ते या दोघांनी." मंचावरून अज्जांनी दोन नावं खणखणीत आवाजात घेतली. नरसिंहरावांनी घाईनं पेन काढलं आणि नावं पुन्हा विचारली.

"सावकाश लिहा, साहेब," अज्जा म्हणाले. "पन्नास वर्षांत पहिल्यांदाच कुणी लिहितंय."